टॅबच्या खोक्यावर आवाजाचा आकडा छापायला काय धाड भरते?

22 हजार रुपये मोजले. 22 हजार! आणि सिंहगड रोडवरच्या आमच्या घरात कुकरची शिट्टी झाली की ओट्यावरच्या टॅबमधले कीर्तनकार नुसते ओठ हलवताना दिसतात. आई कणकेच्या हाताने खुणावते, "अगं, जरा मोठं कर ना." काय मोठं करू? आवाजाची पट्टी कधीचीच टोकाला जाऊन बसलीये!

आईचं वय 76. म्हातारपणी कान जातात तेव्हा आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ ही अक्षरंच निसटतात. कोणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. म्हणून मला एकच गोष्ट हवी होती. कॅमेरा नको, पेन नको, गेम तर नकोच नको. आवाज मोठा हवा. आणि नेमकी तीच एक गोष्ट मला अख्ख्या बाजारात कोणी सांगू शकलं नाही.

खोक्यावर काय, तर चार स्पीकर आणि डॉल्बी ॲटमॉस. अरे, ॲटमॉस म्हणजे आवाज चहूबाजूंनी येतोय असं वाटायला लावायचं तंत्र. तो मोठा येईल याची हमी नव्हे. आणि चार स्पीकरचं कौतुक कोणाला सांगता? 2015 च्या पहिल्या आयपॅड प्रोलाही चारच होते. चार पणत्या लावा नाहीतर चार ट्यूबलाइट, मोजताना चारच भरतात.

बल्बच्या खोक्यावर ल्यूमेन असतात. मिक्सरवर वॉट, फ्रिजवर लिटर. याच टॅबची जाडी मिलिमीटरमध्ये दशांशासकट छापलीये. आवाजापुढे मात्र 'इमर्सिव्ह'! हे काय माप झालं? हातभर अंतरावर, फुल आवाजात, इतके डेसिबल, एवढी एक ओळ छापा ना. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या नियमांत लिहिलेली आहे. गणपतीत रस्त्यावर यंत्र धरून आवाज मोजतात. माप आहे, यंत्र आहे, यांना छापायचंच नाहीये.

बरं, दुकानात ऐकून घ्यावं, तर टॅब साखळीला बांधलेला, शेजारी भिंतभर टीव्ही किंचाळतायत. विक्रेता म्हणतो, "मॅडम, साऊंड एक नंबर आहे. कमी वाटला तर तपकीर गल्लीतून ब्लूटूथ स्पीकर घ्या." का घेऊ? आईने आणखी एक वस्तू चार्ज करायची, जोडायची, रोज तुटलेलं कनेक्शन शोधत बसायचं?

आणि ते तुलनेचे व्हिडिओ! दोन टॅब शेजारी ठेवून गाणं लावतात आणि विचारतात, सांगा कुठला मोठा. तो आवाज त्यांच्या माइकमधून जातो, माइक मोठा आवाज आपोआप दाबतो, आणि शेवटी मी ऐकते ती माझ्याच फोनच्या स्पीकरवर. यात कसली डोंबलाची तुलना?

शेवटी मीच मोजलं. आईचा जुना टॅब आहे, बॅटरी गेल्यामुळे वायर लावूनच चालणारा. कीर्तन तेच, ओटा तोच, डेसिबलचं ॲप लावलेला फोन साखरेच्या डब्याला टेकवून. जुना 73, नवा 66. ॲप चार-दोन आकडे चुकत असेल, पण फोन तोच, जागा तीच, म्हणजे फरक खरा. आणि 7 म्हणजे थोडा नाही. 10 डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो.

कारणही डोळ्यांसमोर आहे. जुन्याचे स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, ऐकणाऱ्याकडे तोंड करून. 2012 च्या गूगलच्या नेक्सस 10 टॅबलाही तसेच होते. मग पडद्याभोवतीची पट्टी बारीक करायचं खूळ शिरलं आणि स्पीकर गेले कडेला. आता अर्धा आवाज खिडकीला, अर्धा फ्रिजला, आणि आई बसलीये समोर!

सर्व्हिस सेंटरला गेले. काचबंद, एसी लावलेली, शांत खोली. त्या मुलाने टॅब कानाशी धरला, दहा सेकंद ऐकलं. "पीस ओके आहे, मॅडम. फॉल्ट नाहीये." म्हटलं, कानाशी धरून काय ऐकतोस? समोर ठेव, चार पावलं मागे जा, शेजारी मिक्सर लाव आणि मग सांग. त्याने कागदावर शिक्का मारून माझ्याकडे सरकवला.

घरी आले तर आईने टॅब पितळेच्या परातीत उभा केला होता, मागे डाळीचा डबा टेकवून. आवाज तेवढा तरी पुढे यावा म्हणून. आणि कणीक मळत होती ताटलीत.