वेधशाळेला खोटे पाडण्याची खात्रीशीर रीत

शिवाजीनगरात 12 मिलिमीटर पाऊस झाल्याचे सकाळी वाचले आणि आदल्या संध्याकाळी आपल्या कोथरूडच्या गल्लीत गुडघाभर पाणी होते, तर सिमला ऑफिसातल्या, म्हणजे पुणे वेधशाळेतल्या, मंडळींना काही कळत नाही असे आपण विनाविलंब जाहीर करावे. साचलेल्या पाण्याचा संबंध बुजवलेल्या ओढ्याशी, काँक्रीटच्या रस्त्याशी आणि तुंबलेल्या चेंबरशीही असतो, ही शंका मनाला शिवू देऊ नये. पुण्यात गुडघा हेच पावसाचे अधिकृत माप आहे.

पुराव्यासाठी बादली ठेवावी. वेधशाळेचा पर्जन्यमापक मोकळ्या जागी, भिंती आणि झाडे यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असतो; आपण मात्र बादली गच्चीच्या पन्हळीखाली ठेवावी, म्हणजे साऱ्या गच्चीचा पाऊस तीत उतरतो. ती तळाशी निमुळती असल्यास उत्तमच, कारण तेवढ्याच पाण्याची उंची आपोआप अधिक भरते. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, हा हिशेब करू नये. त्याने उत्साह मावळतो.

वेळेचेही पथ्य आहे. वेधशाळा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे चोवीस तास धरते आणि शुक्रवारी संध्याकाळी कोसळलेली सर शनिवारच्या नोंदीत येते. आपण शुक्रवारच्याच आकड्याकडे बोट दाखवावे. लबाडी सिद्ध होते. शिवाय 2.5 मिलिमीटरपेक्षा कमी पडला तर तो ‘पावसाचा दिवस’ही धरत नाहीत, हे रेनकोट घरी विसरलेल्या दुचाकीस्वाराला अवश्य सांगावे आणि त्याचे उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे.

वळवाचा ढग काही किलोमीटरांचाच असतो, त्यामुळे पाषाणला धो धो आणि लोहगावला ऊन असे होऊ शकते. म्हणूनच तर एकाच शहरात अनेक ठिकाणी मापक बसवलेले आहेत. या स्पष्टीकरणास पळवाट म्हणावे. मापकाच्या तोंडाएवढ्या जागेतला पाऊस मोजून भोवतालच्या परिसराबद्दल बोलणे ही वेधशाळेची मुजोरी होय. आपल्या गॅलरीवरून अवघ्या पुण्याबद्दल बोलणे हा अनुभव.

एवढ्यानेही समोरचा नमला नाही, तर खडकवासला धरणातून विसर्ग वाढण्याची वाट पाहावी आणि मुठेवरचा भिडे पूल बुडाला की त्याला तिथे घेऊन जावे. ते पाणी सह्याद्रीच्या कुशीत, पानशेत, वरसगाव आणि टेमघरच्या पाणलोटात पडलेले असते आणि पर्जन्यछायेतल्या आपल्या पेठांत त्या दिवशी छत्रीही उघडलेली नसते. तरीही ते सगळे सदाशिव पेठेच्या खाती जमा करावे.