पोयाकच्या बाटलीतला गाळ आणि दोन तारे

नमस्कार मॅडम,

आमच्या वाइन टेस्टिंगवरचा तुमचा अभिप्राय वाचला. तक्रारी थोडक्यात अशा: २००५ सालच्या पोयाकच्या (बोर्दोजवळचं वाइनचं गाव) बाटलीत तळाशी चिखल निघाला, रंग उतरलेला होता, वास जुन्या कपाटासारखा, वाइन फ्रिजमधून काढल्यासारखी गार, ग्लास तिसरा हिस्साच भरला आणि शेवटची दोन बोटं आम्ही ‘स्वतःसाठी’ ठेवली. म्हणून दोन तारे, आणि पैसे परत हवेत. बोर्दोला येणारी बरीच मराठी मंडळी बुकिंगआधी हे वाचतात, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी गाळाचं. पोयाक ज्या मेदोक भागात येतं, तिथल्या खडीच्या जमिनीतलं कॅबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष जाड सालीचं, त्यात २००५ चा उन्हाळा कोरडा गेला. अशी वाइन कोवळी असताना प्यायली तर जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढली जाते तसं होतं. तो तुरटपणा आणणारी टॅनिन्स बाटलीत वर्षानुवर्षं रंगद्रव्यांना चिकटत जातात, जड होतात आणि खाली बसतात. गाळ तो हाच. तो बसला म्हणूनच तुमच्या ग्लासातली वाइन मऊ लागली आणि तिची कड विटकरी दिसली. इतक्या जुन्या बाटलीतून गडद जांभळी वाइन आली असती तर मलाच शंका आली असती.

बाटली आदल्या दिवसापासून उभी करून ठेवली होती. मेणबत्ती लावली ती शोभेसाठी नव्हे (फोटो मात्र छान आलाय). बाटलीच्या मानेखाली उजेड धरून एका संथ धारेत कॅराफमध्ये (काचेच्या सुरईत) ओतायचं आणि गाळाची काळी रेघ खांद्यापाशी आली की हात थांबवायचा. मागे उरतं ते कडवट, कचकचीत. आम्ही ते पीत नाही, सिंकमध्ये जातं. मागितलं असतंत तर दिलं असतं.

त्याच टेस्टिंगमधली २०१९ ची कोवळी वाइन तासभर आधी कॅराफमध्ये काढली आणि महागडी बाटली मात्र ऐनवेळी उघडली, यात तुम्हाला काळंबेरं वाटलं. कोवळी वाइन हवा लागली की खुलते. जुन्या वाइनचा तंबाखूचा, चामड्याचा, ओल्या पानांचा वास तेवढ्या वेळात उडूनही जाऊ शकतो. ‘जुनं कपाट’ म्हणालात ते हेच. बूच बिघडलेलं असेल तर भिजल्या पुठ्ठ्याचा वास येतो, फळाचा मागमूस राहत नाही आणि कितीही हवा दिली तरी तो जात नाही. म्हणून ओतण्याआधी मी स्वतः हुंगून बघतो. तसं निघालं तर दुसरी बाटली फुकट उघडतो. तुमच्या बाटलीत तसं काही नव्हतं. तुमच्या यजमानांनी ग्लास दुसऱ्यांदा पुढे केला होता, एवढंच नोंदवतो.

आमच्या तळघरात १३ अंश असतात, टेबलावर वाइन १७ ला येते. ‘रेड वाइन रूम टेम्परेचरला’ हा नियम हीटर नसलेल्या दगडी घरांतला. ऑगस्टच्या उकाड्यात तो पाळला तर नाकात आधी अल्कोहोल शिरतं. ग्लासचं म्हणाल, तर ७५० मिलीची एक बाटली आणि तुम्ही आठजण. शिवाय भरलेला ग्लास फिरवणार कसा?

लेबलवर १८५५ च्या वर्गवारीचा (बोर्दोच्या नामांकित वाइनरींची जुनी यादी) उल्लेख नाही, मग एवढी किंमत का, असंही विचारलंय. ती यादी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी तेव्हाच्या भावांवरून केली. लाल वाइनमध्ये मेदोकच्या वाइनरी आणि बाहेरची एकटी ओ-ब्रियों. पोमरोल हा बोर्दोचाच दुसरा भाग त्यात नाहीच, म्हणजे तिथली जगप्रसिद्ध, महागडी पेत्र्युससुद्धा नाही. यादीतलं नाव असतं तर आकडा बघून तुम्ही बाटली खाली ठेवली असतीत.

पैसे परत देणार नाही. तुम्हाला २०१९ जास्त आवडली हे मात्र रास्त आहे. मुरलेली वाइन सगळ्यांनाच रुचते असं नाही आणि कोवळी पुष्कळ स्वस्तही पडते. बुकिंग करताना तसं सांगितलंत तर तीच उघडू.

तिच्या दोन बाटल्या तुम्ही पुण्याला नेल्यात. हॉलच्या शोकेसमध्ये उभ्या ठेवू नका, बूच सुकतं. आडव्या, अंधारात, ओट्यापासून लांब. वाइन कूलर नसेल तर होळीच्या आत संपवा, पुढच्या उन्हात ती शिजेल. पिण्याच्या तासभर आधी काचेच्या साध्या जगमध्ये ओता आणि शेवटची वीसेक मिनिटं जग फ्रिजमध्ये ठेवा.