पक्ष्यांसाठी लोकर टांगू नका हो

चैत्र लागला की एक फोटो फिरायला लागतो. झाडाला जाळीची पिशवी, तिच्यात रंगीबेरंगी लोकरीचे तुकडे आणि खाली मजकूर, 'घरट्यासाठी आपलाही एक धागा'. यंदा तो आमच्या गावच्या ग्रुपवर आला आणि मैत्रिणींनी मलाच गाठलं. आमच्याकडे विणकामातून उरलेल्या लोकरीला तोटा नाही ना! मी सरळ नाही म्हटलं.

लांब धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळला गेला की सुटत नाही. पिल्लू वाढतं, फास तेवढाच राहतो. त्यात दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक, म्हणजे प्लॅस्टिकच. कुजायचं नावच नाही. (आमच्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, ती घोंगडीच्या कामाची.)

आई ऐन वैशाखात विणायला घ्यायची. शेजारणी हसायच्या, "एवढ्या उन्हात लोकर?" तिचा हिशोब पक्का होता. कुरडया-सांडगे उरकले की दुपार मोकळी, पुढे पेरणी लागली की सुई हातात कुठली यायला? आणि जुन्नरकडची थंडी काही विचारून येत नाही. घामानं सुया चिकटायच्या म्हणून हाताला पावडर लावून ती मागच्या ओट्यावर बसायची. समोर मोरीच्या पाण्यावर पोसलेली कर्दळ, अळू, केळी आणि एक वाकडा पेरू.

त्या गचपणात शिंपी पक्षी असायचा. एवढासा, डोक्यावर तांबूस टोपी, शेपूट उभी आणि आवाज मात्र त्याच्या दुप्पट पक्ष्याचा. जिवंत पानाच्या कडांना चोचीनं बारीक भोकं पाडायची, त्यातून कापसाचा नाहीतर कोळ्याच्या जाळ्याचा तंतू ओढायचा आणि पान वळवून त्याची पिशवी करायची. पान देठालाच असतं, म्हणून हिरवं राहतं आणि घरटं दिसता दिसत नाही. शिवण बहुतेक मादीच घालते. आईनं एकदा पिल्लं उडून गेल्यावरचं रिकामं घरटं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "हिचं आपल्यापेक्षा बरं आहे. आपला एक टाका निसटला की खालपर्यंत उसवत जातं. हिचा प्रत्येक टाका सुटा." खरंच तसं आहे. भोकातून ओढलेल्या तंतूचं टोक बाहेर पिंजारतं आणि तिथंच अडकून बसतं. एक निघाला तरी बाकीचे धरून ठेवतात. विणणाऱ्या बाईलाच हे दिसावं!

लोकर आमच्याकडून नेली ती फक्त खारीनं, तीही न विचारता. पाळण्यातल्या भाचीसाठी चाललेल्या टोपड्याच्या लोकरीचा गुंडा टोपलीतून ओढून कौलांखाली. गुलाबी दोरा वाशावरून लोंबत होता आणि आई खाली उभी राहून खारीला ठेवणीतल्या शिव्या देत होती. टोपडं शेवटी दोन रंगांचं झालं.

तर मुद्दा असा की पक्ष्यांना सामान हवंय, पण ते परसातच असतं. आपण ते साफ करतो. पाचोळा जाळतो, कोपऱ्यातली जळमटं झाडतो, ऐन मार्च-एप्रिलात झुडपं छाटतो आणि वर पेव्हर ब्लॉक बसवतो. काटेसावरीची बोंडं उन्हाळ्यात फुटतात, तिचा कापूस वाऱ्यावर गावभर उडतो. पण काटे नकोत म्हणून बांधावरची सावर आधी जाते. मग आपण पिशवीत लोकर टांगतो, फोटो काढतो. घरट्यासाठीच्या विकतच्या लाकडी खोक्यांचंही तेच. चिमणीला खोकं चालतं, तिला भोक-सांदीच लागते. शिंपिणीला पान लागतं. तिला खोकं काय करायचंय?

माझ्याकडची लोकर खरंच पडून आहे. टांगायला देणार नाही, विणायला देईन. आमच्या गावात यंदा चांगल्या तीन-चार बाळंतिणी आहेत, दिवाळीपर्यंत टोपडी-मोजे लागणारच. सुया नसतील तर आईच्या दहा नंबरच्या आहेत, पण त्या परत आणून द्यायच्या. दुपारी तीननंतर या, मागच्या दारानं. पुढच्या ओट्यावर सध्या कुरडया वाळताहेत.