स्टॅन बावळट नव्हता

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले आहे. लांबण लागणार. ज्यांनी ‘द अमेरिकन्स’ ही मालिका पाहिलेली नाही आणि पाहायची इच्छा आहे त्यांनी इथूनच परत फिरा, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला नीट भांडता येणार नाही.

काल सोसायटीत कोजागिरी होती. गच्चीवर मसाला दूध, भेळ, दोन बेसूर गाणी, नेहमीचंच. गप्पा कुठून तरी या मालिकेवर आल्या आणि चौथ्या मजल्यावरचे एक सद्गृहस्थ म्हणाले, “तो एफबीआयवाला स्टॅन म्हणजे बावळट नंबर एक. समोरच्या घरात रशियन हेर राहतात आणि याला वर्षानुवर्षं पत्ता नाही! मी असतो तर दोन दिवसांत पकडलं असतं.” सगळे हसले. मीही हसले. दूध चांगलं झालं होतं, कशाला वाद घाला.

आज सकाळी याच सद्गृहस्थांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिफ्टच्या कॅमेऱ्यातला फोटो टाकला. फोटोत कामाच्या मावशी. आमच्याकडे येतात, त्यांच्याकडेही येतात. हातात कापडी पिशवी. खाली मजकूर: “काल संध्याकाळी दारातून पार्सल गेलं आहे. कोणावर आरोप नाही, पण सर्वांनी सावध राहावं.” आरोप नाही म्हणे! मग फोटो काय वाढदिवसाचा होता? त्यावर अर्ध्या तासात किती जणांना काय काय आठवलं. कुणाची चांदीची वाटी, कुणाचे पाचशे रुपये, कुणाचं तूप “लवकर संपतं हल्ली”.

दुपारपर्यंत पार्सल सापडलं, आत मिक्सरचं भांडं. शेजारच्या आजींनी ते कुणी उचलू नये म्हणून आपल्या चपलांच्या कपाटात ठेवलं होतं आणि सांगायच्या विसरल्या. सद्गृहस्थांनी ग्रुपवर एक अंगठा टाकला. फोटो अजून तिथेच आहे.

हे दोन दिवसांत हेर पकडणार होते!

आता स्टॅनबद्दल. ज्यांनी मालिका मोबाइल बघत बघत पाहिली त्यांच्या माहितीसाठी सांगते, स्टॅनला संशय पहिल्याच भागात येतो. फिलिप आणि एलिझाबेथ जेनिंग्ज, वॉशिंग्टनजवळच्या उपनगरात ट्रॅव्हल एजन्सी चालवणारं जोडपं, दोन मुलं, बिघडलेलं काही दिसत नाही. प्रत्यक्षात दोघं केजीबीचे, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याचे, नावं खोटी, लग्नही वरून आलेल्या हुकमाचं. स्टॅन समोर राहायला येतो आणि त्याच्या नाकाला वास लागतो. तो रात्री चोरासारखा त्यांच्या गॅरेजमध्ये शिरतो, गाडीची डिकी उघडतो. रिकामी. त्याआधी त्याच डिकीत खरोखरच एक पळवून आणलेला माणूस होता. आणि अंधारात, हातात पिस्तूल घेऊन, फिलिप उभा असतो. स्टॅनला तो दिसत नाही.

म्हणजे स्टॅनने बघितलं, सापडलं नाही, मग तो घरी गेला आणि पुढची सहा वर्षं त्याने त्या माणसाशी मैत्री केली. त्याच्याबरोबर बिअर प्यायला, त्याला आपल्या मोडलेल्या संसाराचं सांगितलं, त्याच्या मुलाला आपल्या घरी येऊ-जाऊ दिलं. यात बावळटपणा कुठे आहे? दुसरं काय करायला हवं होतं, रोज रात्री डिकी उघडायला जायला हवं होतं?

हे मला इतकं लागतंय त्याचं कारण वेगळं आहे. मालिकेतला काळ 1981 ते 1987. मी तेव्हा शाळकरी, सदाशिव पेठेत, वाड्यात. तिकडे रेगन आले होते आणि आमच्याकडे शकूमावशींची भिशी होती. बारा बायका, दरमहा पन्नास रुपये. पहिल्या रविवारी दुपारी पितळी डब्यातून चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिला सहाशे. दिवाळीच्या महिन्यावर सगळ्यांचा डोळा. आणि लागोपाठ दोन वर्षं दिवाळीची चिठ्ठी निघाली ती शकूमावशींच्या जाऊबाईंची.

एवढं पुरलं. नळावर कुजबुज सुरू झाली. त्या चिठ्ठीची घडीच वेगळी असते म्हणे. तिला खूण असते म्हणे. शेवटी एका रविवारी बायकांनी आपसात ठरवून सांगितलं की आज उरलेल्या चिठ्ठ्या आधी उघडून बघू, आणि काढायला शकूमावशींच्या घरातलं पोर नको, दुसरं घेऊ. ते दुसरं पोर म्हणजे मी.

चिठ्ठ्या उघडल्या. सगळी नावं बरोबर. कागद एकच, शाई एकच. शकूमावशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी पुन्हा घड्या घातल्या, डबा हलवला आणि माझ्यापुढे धरला. ते वर्ष त्यांनी पूर्ण केलं, पै न् पै चुकती केली, वही सगळ्यांना दाखवली. नव्या वर्षी भिशी सुरूच केली नाही.

आमच्या सद्गृहस्थांच्या हिशोबाने तिथे काय झालं? तपासणी झाली, काही निघालं नाही, विषय संपला. अंगठा.

मालिकेत रशियन हेर अमेरिकनांना फसवतात हे तर आहेच, पण ते फार पुढे नेत नाही कुणाला. खरी मजा (मजा कसली, पोटात गोळा येतो) आहे ती एकाच बाजूच्या माणसांमध्ये. पहिल्या सीझनच्या सहाव्या भागात फिलिप-एलिझाबेथला पळवून नेतात, मारहाण करतात, छळतात. आपल्याला वाटतं एफबीआयने पकडलं. निघतात कोण, त्यांचेच लोक! कुणीतरी फितूर आहे असा मॉस्कोला संशय, म्हणून आपल्याच माणसांची परीक्षा. दोघं पास होतात. आता कामाला लागा, म्हणे. एलिझाबेथ त्या परीक्षा घेणाऱ्या बाईचं, क्लॉडियाचं, तोंड फोडते. मी सोफ्यावर बसून म्हटलं, अजून एक दे.

पण त्याच भागात फिलिपला दुसरं काहीतरी कळतं. त्याच्या निष्ठेबद्दलची शंका वरती कळवणारी एलिझाबेथच होती. त्याला अमेरिका जास्तच आवडायला लागली आहे, असं तिने पूर्वी कधीतरी सांगून ठेवलेलं. तिचं काय चुकलं? तिला तसं वाटलं होतं, आणि ते खरंही होतं. खरं असलं म्हणून काय झालं, नवऱ्याने मार खाल्ला आणि तो बायकोच्या एका वाक्यामुळे. पुढे शेवटच्या सीझनमध्ये हाच फिलिप एलिझाबेथवर नजर ठेवतो आणि तिची माहिती दुसऱ्याला देतो. कारण चांगलं असतं, जगाच्या भल्याचं वगैरे. तो स्वतःच तिला ते सांगून टाकतो. तिचा चेहरा बघा तेव्हाचा. एलिझाबेथ झालेल्या केरी रसेलला त्या चेहऱ्यासाठी एमी पारितोषिक मिळायला हवं होतं. मिळालं फिलिप झालेल्या मॅथ्यू रीसला, 2018 मध्ये. त्याबद्दल तक्रार नाही, तोही भारीच आहे.

आता कुणीतरी लिहिणारच की अहो ताई, जगात खरोखरचे हेर असतात, खरोखरचे चोर असतात. असतात. मान्य. 2010 च्या जूनमध्ये अमेरिकेत खरंच असे दहा जण पकडले होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिसळून राहणारे, आणि पुढच्याच महिन्यात व्हिएन्नाच्या विमानतळावर त्यांची अदलाबदल झाली. ही मालिका सुचली तीही त्यावरूनच, आणि ती काढणारे जो वाइसबर्ग स्वतः सीआयएमध्ये होते. आणि पुण्यात राहून मला कुणी सावधपणा शिकवायला नको. जोशी-अभ्यंकरांचे खून झाले त्या 1976-77 च्या दिवसांत अंधार पडल्यावर कुणी दार उघडत नव्हतं, हे आईच्या तोंडून ऐकतच मोठी झाले. त्या दहा खुनांपैकी पहिला बळी तर मारणाऱ्यांच्याच वर्गातला मुलगा होता.

त्या दिवसांत माणसं घाबरलेली होती. ग्रुपवर फोटो टाकणारा माणूस घाबरलेला नाही, त्याला मिक्सरचं भांडं हवंय.

आणि जीन आठवतोय का कुणाला? कुणालाच आठवत नाही. फिलिप विग घालून, ‘क्लार्क’ बनून एफबीआयच्या सेक्रेटरीशी, मार्थाशी, लग्न करतो. ती बिचारी त्याच्या सांगण्यावरून साहेबांच्या पेनात यंत्र बसवते. ते सापडतं. सगळ्या ऑफिसवर संशय. मग मार्थाला वाचवायला फिलिप काय करतो? ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवाल्या जीनला मारतो, आत्महत्या दिसेल असं करतो आणि सगळा आळ त्याच्यावर टाकतो. जीन एकटा राहणारा, घरात खेळणी वगैरे. कोण विचारणार त्याच्यासाठी? संशय कुठेतरी टाकायचा असतो, आणि तो नेहमी अशाच ठिकाणी टाकतात जिथून उलटं उत्तर येणार नाही. चपलांच्या कपाटाकडे कुणाची नजर गेली का? दुसऱ्या फ्लॅटमधल्या कुणाचा फोटो आला का? नाही. आला तो मावशींचा. त्या ग्रुपवर नाहीत. त्यांना माहीतच नाही की आज सकाळी चार तास त्या चोर होत्या.

जाऊ दे. चहा केला, प्यायले, आता जरा शांतपणे लिहिते.

मगाशी आईला फोन केला आणि शकूमावशींचा विषय काढला. वाडा कधीच पडला, तिथे आता सहा मजले उभे आहेत, शकूमावशीही गेल्या. मी विचारलं, काय ग, ती खरंच काही करायची का? आई म्हणाली, “कोण जाणे. चिठ्ठ्या बरोबर निघाल्या ना, तेव्हाच मला जास्त मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकीच्या निघाल्या असत्या तर भांडून मोकळ्या झालो असतो.” मग म्हणाली की त्यानंतर शकूमावशी कुणाकडे वाटीभर साखरसुद्धा मागायला आल्या नाहीत, आणि कुणाला त्यांच्याकडे मागायला तोंड राहिलं नाही. आईच्या मनात अजूनही थोडा संशय आहे बरं का. सगळ्या चिठ्ठ्या डोळ्यांनी बघूनही. “त्या दिवशी तिला आधीच कळलं असेल, म्हणून सरळ ठेवल्या असतील,” हेही म्हणाली. मी कपाळाला हात लावला.

पूर्व जर्मनीत स्टासीसाठी, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांसाठी, पावणेदोन लाखांच्या आसपास साधी माणसं गुपचूप खबर द्यायची. 1992 मध्ये त्या फायली लोकांना बघायला मिळायला लागल्या आणि सरकारविरोधी चळवळीतल्या एका बाईला कळलं की आपली खबर देणारा आपलाच नवरा. हे वाचलं तेव्हा मला आधी वाटलं, बरं झालं कळलं. आता तितकं ठामपणे म्हणवत नाही. फाइल मागायची की नाही याचा विचार करत बसलेली माणसं मला जास्त जवळची वाटतात.

शेवटच्या भागातला पार्किंगचा प्रसंग. स्टॅन पिस्तूल रोखून उभा, समोर फिलिप, एलिझाबेथ आणि त्यांची मुलगी पेज. आता सगळं उघड झालंय. फिलिप खोटं बोलायचं थांबवतो, बरंचसं. स्टॅन त्यांना जाऊ देतो. यावर “एफबीआयचा माणूस असं कसं करेल” म्हणणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. पण गाडीत बसण्याआधी फिलिप त्याला सांगतो की तुझी बायको रेनी, तीही आमच्यातली असू शकेल. खात्री नाही.

खात्री नाही! सहा वर्षांची सगळी फसवणूक मी फिलिपला एक वेळ माफ करेन, पण हे वाक्य? मित्र म्हणून सांगितलं, हेही खरं. सावध केलं. आणि त्याच क्षणी स्टॅनच्या घरातली प्रत्येक साधी गोष्ट नासवली. ती उशिरा आली तर, फोन ठेवला तर, चहाला की कॉफीला विचारलं तर. आता त्याने तिची झडती घेतली आणि काही निघालं नाही तर काय? आमच्या वाड्यातल्या बायकांना विचारा काय.

माझी लेक म्हणते, रेनी शंभर टक्के हेर आहे. तिला एफबीआयमध्येच नोकरी हवी असते, शेवटी जेनिंग्जच्या घराची झडती चालू असताना ती समोर उभी राहून बघत असते, अजून काय पुरावा पाहिजे? मी म्हणते, समोरच्या घरात पोलीस आले तर आपली अख्खी बिल्डिंग गॅलरीत येऊन बघेल, म्हणून काय सगळे हेर? ती म्हणते, तू मुद्दाम बघत नाहीयेस. हो, मुद्दाम बघत नाहीये. मालिका काढणाऱ्यांनी उत्तर दिलेलं नाही आणि मला नकोही आहे.

रेनीबद्दल भांडायचं असेल त्यांनी खुशाल कमेंटमध्ये या, लेक उत्तरं देईल, तिला हौस आहे. चौथ्या मजल्यावरच्यांनी मात्र आधी ग्रुपवरचा तो फोटो काढावा आणि “मावशींचा काही संबंध नव्हता” एवढं एक वाक्य तिथेच, सगळ्यांसमोर टाकावं. ते माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. वाचतीलच.