"सही करून मोकळे व्हा" म्हणणाऱ्या मेसेजवर विश्वास ठेवू नका

दोन दिवसांपासून आमच्या गावच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला: "जमिनीचा हक्क १९७८ मध्येच घटनेतून काढला, सरकार पाहिजे तेव्हा वावर घेऊ शकते, कोर्टात जाता येत नाही, म्हणून देतील त्या भावात सही करून मोकळे व्हा." बाप्पा, हे वाचून लोक खरंच सह्या करतात म्हणून लिहितो.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, एवढं खरं आहे. पण त्याच दुरुस्तीनं कलम ३००अ आणलं, म्हणजे कायद्याचा आधार नसताना कोणाचीच मालमत्ता घेता येत नाही, अन् तशी घेतली तर सरळ हायकोर्टात जाता येते.

"देतील तो भाव" हेही चूक. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावाला खेड्यात १ ते २ चा गुणांक लागतो अन् त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे दुप्पट ते चौपट. सगळ्यांना चौपटच मिळते असं मात्र नाही, गुणांक राज्य सरकार ठरवते. विहीर, झाडं, पाईपलाईन यांचे पैसे वेगळे.

आता सहीचं. माझ्या काकाच्या वावरात संत्र्याची झाडं होती, मोजणीच्या दिवशी काका लग्नाला गेलेला, कागदावर अर्धीच झाडं आली अन् धुऱ्याजवळची विहीर सातबाऱ्यावर चढवलेलीच नव्हती म्हणून तीही गेली. काकानं मुकाट्यानं पैसे उचलले. वकिलानं नंतर सांगितलं की निषेध नोंदवून पैसे घेतले असते तर वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता आला असता, विरोध न करता घेतले की तो रस्ता बंद होतो. काकू अजून त्या झाडांचा हिशोब बोटावर मोजते, मला ते पाहवत नाही.

"संमती कोणी विचारत नाही" असंही लोक म्हणतात, ते अर्धवट आहे. खाजगी कंपनीसाठी ८० टक्के अन् सरकार अन् खाजगी कंपनीच्या भागीदारीतल्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती कायद्यात आहे, सरकारच्या स्वतःच्या कामाला ती अट नाही, अन् २०१८ मध्ये आपल्या महाराष्ट्रानं आणखी काही प्रकल्पांना सूट दिली, ती मला पटत नाही.

नोटीस आली की तारीख पहा. २०१३ च्या कायद्यात हरकतीला ६० दिवस आहेत, राष्ट्रीय महामार्ग असला तर फक्त २१. मोजणीला स्वतः हजर राहा, झाडं मोजून घ्या, विहिरीची नोंद आजच पटवाऱ्याकडून पाहून घ्या.