खून करायचाय? मे महिना संपू द्या

मे महिन्यात ज्यांना तुम्ही 'एकही खोली शिल्लक नाही हो' असं तोऱ्यात सांगितलंत, त्यांचे फोन जूनमध्ये यायचे बंद होतात. मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यातलं तुमचं पाच खोल्यांचं होमस्टे ओस पडतं. गाद्यांना कुबट वास सुटतो, समुद्र खवळतो, बोटिंग बंद होतं. आणि मुंबईहून भाचा सल्ला देतो, "मामा, नुसत्या खोल्या आता कोण घेतो? एक्सपिरियन्स विका." झालं. तुम्हाला मर्डर मिस्ट्री वीकएंड भरवायचा आहे. कल्पना उत्तम आहे, आणि पुढे काय होणार याची तुम्हाला कल्पना नाही, हे त्याहून उत्तम.

प्रकार साधा आहे. शुक्रवारी पाहुणे येतात, रात्री जेवणाआधी घरात प्रेत सापडतं, शनिवारभर सगळे पुरावे हुडकतात, रविवारी न्याहारीच्या वेळी खुनी कोण ते कळतं. हा शौक विलायतेचा. तिकडच्या हॉटेलांत पाहुणे जुन्या काळापासून खुनाखुनी खेळत. बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट नावाच्या वादकाने ते पाहिलं होतं. महायुद्धातल्या ब्लॅकआउटमध्ये घरी बसल्या बसल्या त्याने त्याचा पटावरचा खेळ केला, १९४४ मध्ये पेटंटचा अर्ज टाकला आणि १९४९ मध्ये क्लूडो बाजारात आला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या मोहॉन्क माउंटन हाऊसने १९७७ पासून असे वीकएंड भरवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे अडीचशेच्या वर खोल्या आणि दाराशी तळं. तुमच्याकडे विहीर आणि बाथरूमची न लागणारी कडी.

खचू नका. रहस्याला मुख्यतः लागतं काय, तर कुणाला बाहेर पडता येता कामा नये. त्यासाठी तिकडे बर्फ पडायची वाट बघावी लागते. आपल्याकडे करूळ घाटात दरड येते, कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर सावकाश निघते, आणि ऐन मोक्याला दिवे घालवण्याचं काम महावितरण विनामोबदला करतं.

खुनाच्या कारणाचीही ददात नाही. विलायती वाड्यात म्हातारा मरतो तो मृत्युपत्रावरून, आणि वारस असतात पाच. पाच! तुमच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते आठवा. निम्मी वारलेली, उरलेल्यांतली निम्मी मुंबईला, एक बडोद्याला, आणि एकाने सही करणार नाही अशी आजीच्या तेराव्याला शपथ घेतलेली. तेव्हा खुशाल खोताचा खून करा. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण खोताचा ताठा कुठल्या कायद्याने जात नाही, त्यामुळे मारावासा वाटेल असा माणूस प्रेक्षकांना लगेच पटतो. संशयितांत आंब्याच्या बागेवर डोळा असलेला पुतण्या घ्या, एक जुनं कूळ घ्या, एक कारभारी घ्या, पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून वीस वर्षं न बोललेला भाऊ घ्या. एकच पथ्य पाळा, कारण स्वतःच्या घरातलं घेऊ नका. कथेत फणसाच्या झाडावरून भांडण घातलंत, तर चुलतभाऊ ते गडग्यापलीकडून ऐकतो आणि 'फणस वादातला आहे हे तू चारचौघांत कबूल केलंस' म्हणत सोमवारी मोजणीचा अर्ज टाकतो.

नट मुंबईहून मागवू नका. ते प्रवासभत्ता मागतात आणि बांगड्याला काटे असल्याची तक्रार करतात. दशावतारी मंडळी पावसाळ्यात मोकळीच असतात. जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो, की कालपर्यंतचा इंद्र आज गुडघाभर चिखलात भात लावत असतो. संहिता लिहायचीही कटकट नाही, कारण दशावतारात लिहिलेले संवाद नसतातच. आख्यान ठरलं की बाकीचं उभ्या उभ्या सुचतं. सोय आहे ती ही, आणि घोळही हाच. तुमचा खोत शुक्रवारी रात्री नऊ वाजता निमूट मरेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही आयुष्यात एकही दहीकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, पाहिलेला नाही. तो आधी पायपेटीवाल्याकडे बघेल. मग एक पद होईल. मग मृदंग आणि झांजेच्या दणक्यात मारेकऱ्याशी तलवारयुद्ध. जो खुनी रविवारी कळायचा, तो शुक्रवारीच सगळ्यांसमक्ष तीन गिरक्या घेऊन, मिशीला पीळ देऊन गेलेला असेल. त्यानंतर खोताची विधवा येईल, म्हणजे दिवसा सुतारकाम करणारा सहा फुटी गडी, आणि असा विलाप मांडेल की पाहुण्यांतल्या बायका पुरावे विसरून डोळे पुसतील. चौकशीत तिला प्रश्न विचारू नका. ती उत्तर देत नाही, शाप देते.

अख्ख्या वीकएंडमध्ये पाहुण्यांचे पैसे वसूल होतात ते याच तासाभरात. पण जाहिरातीत दशावतार हा शब्द चुकूनही घालू नका. मर्डर मिस्ट्री म्हटलं की लोक माणशी सहा हजार मोजतात. दशावतार म्हटलं की विचारतात, "तो फुकट असतो ना?"

खोत चहाच्या वेळी उठून बसला की दुसरं प्रेत लागतं. ते तुम्ही स्वतः व्हा, तेवढीच पाठ टेकेल असं वाटून. पडवीत चादर ओढून पडलात की पाच मिनिटांत कुणीतरी खांदा हलवतं. "काका, तुम्ही गेलात ते कळलं, पण आमच्या खोलीतला गिझर चालू होत नाहीये." रक्तासाठी टोमॅटो सॉस आणू नका, माश्या बसतात. रतांब्याचं आगळ घ्या. रंग गडद येतो, डाग जन्मात जात नाही, आणि प्रेताला लावून उरलेलं दुपारच्या सोलकढीला चालतं.

पोलीस पाटलांना आधी कळवून ठेवा. गावात संशयास्पद मृत्यू झाला तर ठाण्याला खबर देणं हे त्यांचं कामच आहे, आणि तुमच्या पाहुण्याने 'कोकणात थरार' अशी रील टाकलेली असतेच. खरा पंचनामा तुम्हाला परवडणारा नाही. पोलिसांच्या चौकशीचं म्हणत नाही मी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे तो शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष करायचा असतो. आता तुमच्या वाडीतले दोन प्रतिष्ठित निवडून दाखवा, आणि मग उरलेल्यांनी तुमच्या गणपतीला यावं अशी अपेक्षा ठेवून दाखवा.

कलमांवरून आठवलं. प्रेत दिसताच कुणीतरी 'तीनशे दोन!' असं ओरडणार, आणि पुण्याहून आलेले एक निवृत्त गृहस्थ चष्मा पुसत सांगणार, की १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता लागू झाली, आता एकशे तीन. शनिवारची सकाळ यात जाते. जाऊ द्या. तेवढा वेळ तुम्हाला घावन घालायला मिळतो.

या खेळाचा पाया असा, की माणसं आधी पुरावे बघतात आणि मग मत बनवतात. आता याला काय म्हणावं? तुम्ही रात्र जागून चिखलात पावलं उमटवाल, अर्धवट जळालेली चिठ्ठी चुलीच्या कडेला ठेवाल, घड्याळ पावणेदहाला बंद पाडाल. डोंबिवलीचे काका त्यातल्या कशाकडेही न बघता सांगतील, "मला गाडीतून उतरतानाच कळलं होतं. तो कारभारी." का? "नजर." पावलांचं काय? "ती तुम्ही मुद्दाम उमटवली आहेत." यावर तुम्हाला बोलता येत नाही, कारण ती तुम्ही मुद्दामच उमटवलेली असतात. तोवर काकूंनी पुतण्याला बाजूला बसवून आडनाव, मूळ गाव, आईचं माहेर असा तपास पूर्ण केलेला असतो. तो त्यांच्या नणंदेच्या सासरच्यांपैकी निघतो. "आपल्यातला मुलगा आहे हो," काकू जाहीर करतात, आणि संशयितांच्या यादीतून पुतण्या कमी होतो. ज्याचं गाव कुणाच्याच गावाजवळ निघत नाही, त्याच्याभोवती फास आवळत जातो. या तपासपद्धतीला तुम्ही हसू नका. ती तुमच्या घरापुरती नाही.

मग कुणाची तरी नजर तुमच्या स्वयंपाकीणबाईंकडे जाते. खेळाशी त्यांचा काडीचा संबंध नसतो, पण हातात कोयती असते आणि कोपरापर्यंत लाल. "माका काय विचारतास? मी मासळी साफ करी होतंय," त्या म्हणतात. पाहुण्यांना हा अभिनय फार आवडतो, ते आणखी विचारतात. बाई कोयती खाली ठेवतात, पदर खोचतात आणि 'ह्या वयात माझ्यार आळ' म्हणत घरी चालू लागतात. आता रहस्याचं बिऱ्हाड गुंडाळा आणि नारळ घेऊन त्यांच्या मागे धावा. खुनी सापडला नाही म्हणून आजवर कुणी उपाशी झोपलेलं नाही.

रविवारी न्याहारीला सरळ हात वर करून बहुमत घ्या. बंद पाकिटातलं नाव वेगळं असेल तर पाकीट बदला. जिंकलेले खूश, हरलेले 'सेटिंग होतं' म्हणायला मोकळे, म्हणजे तेही खूश.

उरला मासा, आणि इथे मात्र तुमची खरी उलटतपासणी होते. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिकी मासेमारी बंद असते. हे पाहुण्याला माहीत नसतं, किंवा माहीत असतं पण ते आपल्याला लागू असेल असं त्याला वाटत नाही. भर पावसात त्याला ताजी सुरमई हवी असते. तुम्ही खाडीचा मासा वाढता, टाकळ्याची भाजी वाढता, फणसाच्या आठळ्या घालून आमटी करता. आणि ज्या माणसाने दोन दिवस एकाही पुराव्याला हात लावलेला नसतो, तो ताटातली तुकडी उलटीपालटी करून, वास घेऊन, कल्ल्याचा रंग विचारून, बर्फात किती दिवस होती इथपर्यंत अचूक येऊन पोचतो. श्रावण लागला की हाही प्रश्न मिटतो, कारण निम्मे पाहुणे पाळतात आणि उरलेले पाळणाऱ्यांसमोर चोरून खातात. त्यांचा तपास कुणी करायचा नसतो.

पुढच्या आठवड्यात फोन येईल. "तुमचं पॅकेज पाहिलं, छानच आहे. पण आमच्याबरोबर सासूबाई आहेत, लहान मुलं आहेत. त्यातला खून काढला तर माणशी किती कमी होतील?"

घाई करू नका. पंचांग चाळल्यासारखं थोडं थांबा आणि पाचशे सांगा. मग दशावतारी मंडळींना निरोप धाडा, की या खेपेला मरायचं कुणी नाही, पण यायचं सगळ्यांनी. पायपेटी घेऊन.