अटलांटा शर्मनने जाळले, म्हणून तिथे जुने काही उरले नाही?

अमेरिकेच्या दक्षिणेतील अटलांटा शहराविषयी एक विधान प्रवासाच्या चित्रफितींत, फिरत्या संदेशांत आणि तिथे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या बोलण्यातही हमखास आढळते: ‘जनरल शर्मनने १८६४ मध्ये सगळे शहर जाळले, त्यामुळे तिथे जुने बघण्यासारखे काही उरलेले नाही; आणि झपाट्याने वाढणाऱ्या शहराला जुन्याचा मोह परवडतही नाही.’ यातला पहिला भाग अर्धवट खरा आहे. उरलेले दोन्ही भाग तपासल्यावर टिकत नाहीत.

शर्मन हा अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याचा सेनापती. नोव्हेंबर १८६४ मध्ये दक्षिणेचे हे शहर सोडताना त्याने जो विध्वंस घडवून आणला, त्याचा रोख रेल्वे, कारखाने आणि गोदामे यांच्यावर होता. आग तेवढ्यावर थांबली नाही; दुकाने आणि राहती घरे त्यात खाक झाली, काही सैनिकांनी आदेश नसतानाही घरे पेटवली, आणि ही हानी कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. मात्र अटलांटाची म्हणून जी आग बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असते, ती ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटातली, आणि ती मुळात शर्मनने लावलेली नव्हेच. माघार घेणाऱ्या जनरल हूडच्या दक्षिणी सैन्याने १ सप्टेंबरच्या रात्री दारूगोळ्याने भरलेली आपलीच मालगाडी उडवून दिली, तो हा प्रसंग आहे.

‘त्यामुळे जुने उरले नाही’ या निष्कर्षाची अडचण अधिक मोठी आहे. १८३७ मध्ये रेल्वेमार्गाचे शेवटचे ठिकाण म्हणून वसलेले हे गाव युद्धाच्या वेळी जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते आणि १८६० च्या जनगणनेत त्याची वस्ती साडेनऊ हजारांच्या आसपास होती. १९०० साली ती नव्वद हजारांच्या घरात गेली. म्हणजे आज ज्याला जुने अटलांटा म्हणता आले असते, त्याचा फार मोठा भाग शर्मन निघून गेल्यानंतर बांधला गेला.

शिवाय आगीतून जे वाचले, त्याचे पुढे काय झाले हेही पाहायला हवे. फादर थॉमस ओ’रायली यांच्या मध्यस्थीमुळे काही चर्च आणि नगरभवन वाचले, ही कथा शहर अभिमानाने सांगते. परंतु फादरांच्या स्वतःच्या चर्चची युद्धातून तगलेली इमारत अपुरी पडू लागल्यामुळे १८६९ पासून नवे चर्च बांधले गेले, आणि नगरभवन हटवून त्याच जागी १८८९ मध्ये राज्याचे विधानभवन उभे राहिले. शत्रूने सोडलेले घरच्यांनीच उतरवले.

विसाव्या शतकात तर हे नित्याचे झाले. २१ मे १९१७ च्या आगीत सुमारे दोन हजार इमारती गेल्या, पण त्या आगीला खलनायक नसल्यामुळे ती कोणाच्या लक्षात नाही. १८९२ ची इक्विटेबल इमारत, म्हणजे शहराची पहिली गगनचुंबी इमारत, १९७१ मध्ये पाडली गेली आणि १९०५ चे टर्मिनल स्टेशन १९७२ मध्ये. रेल्वेमुळे जन्मलेल्या शहराने आपले सर्वांत देखणे स्थानकच मोडीत काढले. अगदी अलीकडे, २०१९ मध्ये, नॅसाऊ स्ट्रीटवरची ती साधी विटांची इमारत हॉटेलसाठी गेली, जिथे १९२३ मध्ये फिडलिन जॉन कार्सन यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले होते आणि कंट्री संगीताच्या व्यवसायाला तोंड फुटले होते. या सगळ्याचा हिशेब शर्मनच्या खात्यावर मांडता येणार नाही.

आता ‘परवडत नाही’ याबद्दल. १९२९ चे फॉक्स थिएटर पाडून तिथे मुख्यालय बांधण्याचा टेलिफोन कंपनीचा बेत १९७४ मध्ये उघड झाला, तेव्हा नागरिकांनी मोहीम उघडली. एका ना-नफा संस्थेने कर्ज काढून थिएटर विकत घेतले आणि १९७८ पर्यंत ते कर्ज फेडले. कंपनीचा मनोराही थिएटरच्या शेजारीच उभा राहिला. सुमारे साडेचार हजार प्रेक्षकांच्या त्या नाट्यगृहात दिवे मंदावले की किल्ल्याच्या तटासारख्या भिंतींवर गडद निळे आकाश उजळते, त्यात तारे लुकलुकतात आणि ढग सरकत जातात. मला स्वतःला ही सजावट थोडी भडक वाटते, पण ते थिएटर आजही चालते.

आणि ‘बघण्यासारखे काही नाही’ म्हणणाऱ्यांनी १८५० चे ओकलंड कब्रस्तान, १८६९ चा विटांचा जॉर्जिया रेल्वेरोड मालधक्का, न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्नहून पाच वर्षे आधीची १८९७ ची फ्लॅटआयर्न इमारत आणि ऑबर्न अॅव्हेन्यूवरचे मार्टिन ल्यूथर किंग यांचे १८९५ चे जन्मघर पाहावे. युद्धाचाच पुरावा हवा असेल, तर १८५० च्या दशकातला एक ओतीव लोखंडी गॅसचा दिवा अजून जपलेला आहे. ऑगस्ट १८६४ च्या तोफमाऱ्यात एक गोळा त्याच्यावर आदळला आणि उडालेल्या तुकड्याने सॉलोमन लकी नावाचा स्वतंत्र कृष्णवर्णीय न्हावी प्राणास मुकला. दिव्याच्या बुडाशी पडलेले ते भोक तसेच आहे.